गुण आणि दाम

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी पाटावर दोन वस्तू शेजारी शेजारी मांडतात. एका वाटीत धणे आणि गूळ. हा धन्वंतरीचा नैवेद्य. आणि दुसऱ्या तबकात घरात असतील ते चार पैसे, आईच्या गळ्यातली जुनी पुतळी आणि शेतीच्या हिशेबाची वही. ही लक्ष्मीची पूजा. लहानपणापासून हे पाहत आलो, पण आरोग्याचा देव आणि पैशाची देवी यांना एकाच पाटावर बसवण्यात काही अडचण आहे असे कधी मनात आले नाही. सरकारनेही २०१६ साली याच तिथीला आयुर्वेद दिन ठरवला होता. तिथी दरवर्षी इकडेतिकडे सरकते, म्हणून २०२५ पासून तो दिवस २३ सप्टेंबरला नेऊन बसवला. म्हणजे धन आणि धन्वंतरी यांची फारकत झाली. निदान कागदावर तरी झाली. माझ्या डोक्यात ती त्याआधीच दोनतीन वर्षे घोळत होती, आणि त्याला कारण एक गोळी.

दिवाळीच्या फराळाच्या ताटासमोर पोटाच्या तक्रारीचा विषय काढावा हे बरे नव्हे, याची मला जाणीव आहे. पण वाचकहो, चौथ्या दिवशी ओव्याचा डबा आपल्याही घरी खाली येतोच. तेव्हा रागावू नये.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी मारेगावच्या बाजूला एका आडगावी मास्तरकीला लागलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. लहान मुलांना अक्षरओळख करून द्यावी, रात्री कंदिलापाशी बसून कादंबरीची पाने खरडावी, असा माझा उद्योग. पहिल्याच पावसाळ्यात नाल्याचे पाणी बाधले आणि मला आमांश झाला. तीन दिवसांत उठवेना. गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत कोलामांचे पोड होते. यवतमाळ जिल्ह्यात कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. शाळेत त्या पोडावरची पाचसहा पोरे येत. त्यांतल्या एकाचा आजा, पाऊस अंगावर घेत, न बोलावता आला. माझी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिले, काय काय खाल्ले ते नीट विचारले, रक्त पडते का तेही विचारले. मग निघून गेला आणि तासाभराने तळहाताएवढा सालीचा तुकडा घेऊन आला. सहाणेवर ताकात उगाळून त्याने जे मला पाजले त्याचा कडूपणा अजून जिभेवर आहे. सकाळ-संध्याकाळ तीन दिवस तो येत राहिला. चौथ्या दिवशी मी भात मागितला.

आता मी त्या सालीनेच बरा झालो की आपोआप झालो असतो, हे कोण सांगणार? पण तेव्हा शंका घेण्याइतके त्राण नव्हते, आणि नंतर शंका घेणे कृतघ्नपणाचे वाटले. मी पन्नासाची नोट पुढे केली. म्हाताऱ्याने हात मागे घेतला.

"पैशे नको मास्तर. पैशे घेतले का गुन जाते."

"कशाचा गुण जातो, बाबा? सालीचा?"

"सालीचा कायले जाईन? माह्या हातचा."

तंबाखूची पुडी मात्र त्याने घेतली. मी म्हटले, बाबा, हेही दामच झाले की. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "तंबाकू तं तू तशीबी देल्ली असती." दाम आणि देणे यांतला फरक याहून थोडक्यात मला कुणी सांगितलेला नाही.

ती साल कुड्याची. पांढरा कुडा आपल्याकडच्या पानझडी रानात सर्वत्र आहे. उन्हाळ्याच्या शेवटी झाड पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरते, मग लांब सडपातळ शेंगा जोडीजोडीने लोंबू लागतात, आणि त्या फुटल्या की आतून जवासारखे कडू बी उडते, ते इंद्रजव. कालिदासाच्या यक्षाने मेघाला अर्घ्य दिले ते याच कुटजाच्या फुलांचे, आणि तो रामगिरी म्हणजे आमच्या विदर्भातले रामटेक अशी आपली समजूत आहे. यक्षाच्या ओंजळीत फूल आणि मास्तरच्या पोटात साल! असो.

पुढे मी त्या गावाहून बदलून गेलो. लग्न झाले, मुले झाली, दोन कादंबऱ्या छापून आल्या. बायकोचा धाकटा भाऊ औषधनिर्माणाची पदविका घेऊन यवतमाळला आला आणि नोकरीत मन रमेना म्हणून काही स्वतःचे करावे असे त्याच्या मनात घोळू लागले. एका जेवणावळीत मी त्याला कुड्याची हकीकत रंगवून सांगितली. कादंबरीकाराने हकीकत सांगताना जरा जपून सांगावी, हे मला तेव्हा कळायला हवे होते. दुसऱ्याच दिवशी तो सकाळी दारात उभा.

"भाऊजी, याची गोळी करू."

गोळी काही नवी नव्हती. कुटजघनवटी वैद्यांच्या नित्याच्या वापरातली. यादवजी त्रिकमजी आचार्यांच्या सिद्धयोगसंग्रहात ती दिली आहे आणि बऱ्याच औषधशाळा ती करतात. कुड्याची साल कुटून पाण्यात उकळायची, काढा आटवून गाळायचा, पुन्हा मंद आचेवर हलवत हलवत दाट करायचा, त्यात अतिविषाचे चूर्ण घालून गोळ्या वळायच्या. वाचायला सोपे आहे. आम्ही घरच्या चुलीवर पहिला प्रयोग केला तेव्हा दहा किलो सालीतून किलोभरही घन निघाला नाही. बायकोची लोखंडी कढई कायमची कडू झाली आणि आठ दिवस घरातल्या वरणालाही कुड्याचा वास येत होता. मेहुण्याच्या गोळ्या पहिल्या दिवशी सुबक दिसल्या. पण घन हवेतला ओलावा ओढून घेतो. श्रावण लागताच बाटलीतल्या शंभर गोळ्यांचा एकच लाडू झाला. किती वाळवावे, चिकटून राहायला काय घालावे, पोटात गेल्यावर विरघळेल आणि बाटलीत विरघळणार नाही अशी गोळी कशी साधावी, यात त्याचे वर्ष गेले. त्या पोराची चिकाटी मी पाहिली आहे. त्याच्यावर लोभाचा आरोप करणे मला जमणार नाही. विक्रीसाठी औषध करायचे तर परवाना लागतो, म्हणून परवाना असलेल्या एका कारखान्याकडून गोळ्या करून घ्यायच्या असे ठरले. भांडवलासाठी एक भागीदार मिळाला. आणि बाटलीबरोबर जे पत्रक घालायचे ते लिहायचे काम, अर्थातच, घरच्या साहित्यिकाकडे आले.

मी ते मन लावून लिहिले. 'रानावनातील आदिवासी बांधवांचे शतकानुशतकांचे गुपित' अशी सुरुवात केली. 'लहानथोरांस सारखीच हितकर' असे मध्ये घातले, कारण वाक्याला तोल येत होता. त्या म्हाताऱ्याला विचारावे, असे माझ्या मनातही आले नाही.

खरे म्हणजे गुपित वगैरे काही नव्हतेच. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने औषधींवरचे पुस्तक छापले, त्यात हगवणीवरच्या एका वनस्पतीचा संवाद आहे आणि ती वनस्पती म्हणजे कुडाच असे जाणकार मानतात. १८५८ साली मुंबईत हेन्स नावाच्या रसायनज्ञाने या सालीतून एक द्रव्य वेगळे काढले. त्याला आज कॉनेसीन म्हणतात. विसाव्या शतकात कलकत्त्याला कर्नल चोप्रांनी रुग्णांवर कुड्याची कसोटी घेतली. तिकडे त्याला कुर्ची म्हणतात. मग १९६० नंतर मेट्रोनिडॅझोल आले आणि आमांशाच्या दवाखान्यातून कुडा मागे पडला. एवढा सगळा इतिहास छापील आहे. त्यात ओर्ताचे नाव आहे, हेन्सचे आहे, चोप्रांचे आहे. ज्याने पहिल्यांदा कुणाला तरी झाड दाखवले आणि 'हे' म्हणाला, त्याचे नाव तेवढे कुठे नाही. माझ्या पत्रकातही नव्हते.

बाटल्या खपू लागल्या. मोठ्या नव्हे, पण घाटंजी, राळेगाव, वणीकडच्या दुकानांतून मागणी येऊ लागली. आणि मग एका पावसाळ्यात, माझ्या शाळेतल्या पहिलीच्या एका मुलाचा बाप मला गावच्या दवाखान्याच्या ओट्यावर भेटला. त्याची दोन वर्षांची मुलगी आत होती. दोन दिवस तिला पाण्यासारखे जुलाब होत होते आणि दोन दिवस तो तिला आमची गोळी मधात कुस्करून देत होता. मुलीचे डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, तेव्हा शेजारची आशाताई तिला उचलून घेऊन आली. वाटेत ती चमच्या-चमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजत होती. मुलगी वाचली. बाप माझ्यावर रागावला नव्हता. तेच तर कठीण झाले. त्याने खिशातून घडी घातलेले पत्रक काढले आणि म्हणाला, "गुरुजी, तुमीच लिव्हलं न हे? म्हून म्या देल्ली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. गोळीत विष नव्हते. कुड्याने जे करावे ते ती कदाचित करीतही होती. पण आमांश वेगळा आणि लेकराच्या अंगातले पाणी आटणे वेगळे. पाणी आटत असताना हवे असते पाणी. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पाजायला सांगितले. शंभरातली तीसेक माणसे दगावत होती, ती चारांहून कमी दगावू लागली. मिश्रण कसे करायचे ते गुप्त रेडिओवरून सीमेपलीकडेही सांगितले गेले. कसलीही गोळी नाही, गुपित नाही, आणि त्याचे पत्रक लिहायला कादंबरीकाराचीही गरज नाही. मी मात्र 'लहानथोरांस सारखीच' हे शब्द केवळ कानाला बरे लागले म्हणून लिहिले होते.

तेव्हा म्हाताऱ्याचे वाक्य मला पुन्हा आठवले. पैसे घेतले की गुण जातो. इतकी वर्षे मी ते अडाणीपणाचे पण गोड असे काहीतरी समजून मनात ठेवले होते. आता वाटले, यात अडाणीपणा कुठे आहे? ज्याला माझ्याकडून काही मिळवायचे नाही, त्याला माझ्या रोगाविषयी खोटे बोलण्याचे कारण नाही. तो जीभ पाहील, रक्त पडते का विचारील, आणि आपल्या आवाक्यातले नसेल तर 'दवाखान्यात ने' म्हणेल. त्याला खपवायचे नाही. आमच्या भागीदाराला मात्र बाटल्या खपवायच्या होत्या, आणि ज्याला गोळी हवी त्यालाच ती विकून बाटल्या संपत नाहीत. ज्याला नको आहे त्यालाही ती घ्यावीशी वाटली पाहिजे. तेवढ्यासाठीच तर मी होतो.

पण हा विचार मला फार वेळ सुखाने करता आला नाही. म्हाताऱ्याची साल म्हाताऱ्याच्या पायांइतकीच दूर जात होती. पोडाच्या पलीकडच्या गावात कुणी आमांशाने तडफडले तर त्याला तिचा काय उपयोग? आणि फुकट देणारा ते कुणाला शिकवीलच असेही नाही. सांगितले तरी गुण जातो, अशीही समजूत आहेच. कितीतरी ज्ञान अशा निर्लोभी माणसांबरोबर सरणावर गेले असेल. गोळीला किंमत आहे म्हणून ती वणीपर्यंत जाते. किंमत आहे म्हणून कुणीतरी ती मोजून, तोलून, तपासून करतो. निदान तसे करायला तो बांधलेला असतो.

बांधलेला असतो म्हणून तो तसे करतोच असे नाही, हेही लवकरच कळले. साल आम्ही एका व्यापाऱ्याकडून घेत होतो. मेहुणा एकदा पोते घेऊन माझ्याकडे आला. त्याला वासात फरक वाटत होता. पोते घेऊन आम्ही दोघे त्या जुन्या पोडावर गेलो. म्हातारा आता फार वाकला आहे, एका डोळ्याने दिसत नाही. त्याने पोत्यातले तुकडे बाहेर काढले, एकेक नखाने खरवडून जिभेला लावला आणि दोन ढीग केले. एक ढीग पांढऱ्या कुड्याचा, दुसरा काळ्या कुड्याचा. काळा कुडा दिसायला भाऊच. त्याच्याही शेंगा जोडीच्याच, फक्त टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या; बी मात्र कडू नव्हे, म्हणून गोडा इंद्रजव. चन्नपट्टणची लाकडी खेळणी त्याच्या मऊ लाकडाची होतात. खेळण्याला उत्तम, पण आमांशावरचा कुडा तो नव्हे. साल वाळली की दोघांतला भेद बाजारात कुणाला कळत नाही, आणि ही सरमिसळ जुनीच आहे. पोत्यात निम्म्याला थोडी कमी ती होती. भागीदाराला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तपासणीत लागली का? मग झालं."

म्हाताऱ्याने दुसरी गोष्ट दाखवली ती याहून वाईट होती. पोडाच्या वरच्या उतारावर त्याने आम्हांला नेले. दहाबारा कुडे उभे वाळले होते. साल बुंध्याभोवती सगळीकडून सोलून काढलेली. तो स्वतः एका अंगाने हातभर काढतो आणि दुसरे अंग सोडतो. नाहीतर झाड जमिनीलगत तोडतो, की बुडातून पुन्हा धुमारे फुटतात. सगळीकडून सोललेले झाड मरते, हे पोरालाही ठाऊक. व्यापाऱ्याच्या माणसांना किलोवर मजुरी होती. साल कुठे जाते ते म्हाताऱ्याला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

मी त्याला सगळे सांगितले. त्याच्या सालीची गोळी, पत्रक, ती मुलगी. पत्रकावर तुझे नाव घालतो, बाबा, असेही म्हटले. मला वाटले होते, यात मी काही मोठे देतो आहे.

"माह्यं नाव नको घालू," तो घाईने म्हणाला. "मी पाह्यलं नाई त्या लेकराले. न पाहता दवाई देल्ली अन् गुन नाई आला, तं लोकं शिव्या मले देतीन. अन् बराबर देतीन."

मग मेहुण्याने पैशाचा विषय काढला. दर बाटलीमागे काही रक्कम पोडाला द्यावी असे आम्ही दोघांनी ठरवले होते. असे पूर्वी झालेले आहे. केरळात कानी आदिवासींच्या दोघा वाटाड्यांनी १९८७ साली संशोधकांना थकवा घालवणारे एक फळ दाखवले. त्यापासून 'जीवनी' नावाचे औषध झाले, १९९५ साली एका कंपनीला ते दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के घेऊन करायला दिले, आणि त्यातला अर्धा वाटा कानी लोकांच्या न्यासाला गेला. जगभर त्याची वाखाणणी झाली. कानींमध्ये मात्र, आम्हांला कुणी विचारले, असे म्हणणारेही निघाले. आपल्याकडे २००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला, त्यात असा वाटा देण्याची तरतूद आली. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत लिहिलेल्या आयुर्वेदाच्या ज्ञानाला त्यातून बरीच सूट दिली. कुडा तर ग्रंथात आहेच. तेव्हा या ज्ञानाचे दाम मागायला पोडाला फारशी जागा उरली नाही. पण झाडे? आणि ती ओळखणारी जीभ?

म्हाताऱ्याने अपेक्षेप्रमाणे मान हलवली. पैसे नको. मला मनातून बरे वाटले, हे लपवत नाही. निर्लोभी माणसाकडे पाहून आपले डोळे पाणावतात, त्यात खिसा वाचल्याचे सुख किती असते, हे कुणी तपासलेले नाही. तेवढ्यात मागे उभा असलेला त्याचा नातू बोलला. कधीकाळी माझ्याच शाळेत अक्षरे गिरवलेला. आता ग्रामसभेत लिहिण्याचे काम करतो.

"गुरुजी, बुढ्याचा नेम बुढ्यापाशी. तो दवाई देते, पैशे घेत नाई. आमी कुटं दवाई देतो? तुमी जंगलातली साल नेता. तिचा हिशेब आमाले पाह्यजे. अन् कोनतं झाड तोडाचं, ते आमी सांगू."

मी म्हाताऱ्याकडे पाहिले. मला वाटले तो नातवाला रागावेल. तो चिलमीत तंबाखू भरीत होता, आणि नातवाचे बोलणे त्याला ऐकू आले नसावे किंवा त्यात रागावण्यासारखे काही वाटले नसावे.

मी पत्रक नव्याने लिहिले. पहिलीच ओळ मीठ-साखरेच्या पाण्याची घातली. लहान मुलांना वैद्यांच्या सल्ल्यावाचून देऊ नये, रक्त पडत असेल, ताप असेल, लघवी कमी झाली असेल तर गोळीवर विसंबू नये, दवाखाना गाठावा, असे लिहिले. कुठल्याही वाक्याला तोल नव्हता. भागीदाराने ते वाचून विचारले, "असं लिहिल्यावर गोळी कोण घेणार?" प्रश्न रास्त होता. तो सहा महिन्यांत वेगळा झाला. मेहुण्याने धंदा निम्म्यावर आणला. साल आता पोडावरूनच येते, वजन करून, वहीत लिहून. गेल्या जूनमध्ये त्या उतारावर दोनशे रोपे लावली, त्यांतली किती जगली ते मोजायचे आहे. तो नातू दर तिमाहीला वही घेऊन येतो आणि बेरीज दोनदा तपासतो. मेहुण्याला त्याचा राग येतो. मला अभिमान वाटतो, कारण बेरीज मी शिकवली आहे; पण घरात तसे बोलायची सोय नाही.

या दसऱ्याला आम्ही पोडावर सोने द्यायला गेलो होतो. मेहुण्याने नव्या गोळ्यांची बाटली म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्याने एक गोळी काढून दाताखाली फोडली, बराच वेळ जिभेवर फिरवली आणि बाजूला थुंकली.

"कुडाच हाये," तो म्हणाला. "पन साल उशिरा काडली."

मेहुण्याने खिशातून वही काढली आणि साल केव्हा काढावी, ते तो विचारू लागला.